बिब्ब्याची शाई

आश्विन लागला की मला माझ्या नाकाचा राग येतो. डोळे मिटता येतात, कानांवर हात ठेवता येतात, नाकाचं काय करायचं? मागच्या आठवड्यात, माहेरी यायच्या आदल्या दिवशी, नाशकात द्वारकेच्या चौकात रिक्षात अडकले. नेहमीचंच, पुढे बस, मागे ट्रक, मधल्या बोटभर फटीतून दुचाकीवाले घुसताहेत. शेजारी एक टेम्पो येऊन उभा राहिला. झेंडूनं गच्च भरलेला, वर ओल्या चादरी, आणि तो वास. हिरवट, उग्र, थोडा औषधासारखा. रिक्षावाला खुशीत म्हणाला, दसरा आला बघा ताई. मी पदर नाकाला लावला. त्याला वाटलं, बाईंना धुराचा त्रास होतोय.

त्रास होतोच, पण धुराचा नाही. झेंडूच्या वासामागून मला दुसरा एक वास येतो, जो तिथे नसतोच. जळकट, तेलकट, नाकात चिकटून बसणारा. बिब्बा भाजल्याचा वास. बाकीच्यांना झेंडू म्हटलं की तोरण आठवतं, पाटीपूजन आठवतं, कुणाला सासरचा पहिला दसरा आठवतो. मला एक चादर आठवते. शेवग्याच्या झाडाला झोळी करून बांधलेली, हलके हलके हलणारी, आणि तिच्यात झोपलेलं तान्हं मूल. त्या वर्षी नवरात्रात मी माहेरी होते. नसते तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं.

माझं माहेर मखमलाबादच्या पुढे, पाटाच्या कडेला. आता चारी बाजूंनी इमारती चालून आल्यात, पण मळा अजून आहे. आम्ही फुलांची आणि भाजीची माणसं. मेथी, कोथिंबीर, गुलाब, शेवंती, आणि आश्विनात झेंडू, झेंडू आणि झेंडू. तेव्हा तोडलेली फुलं मोठ्या सुती चादरींत बांधून गाठोडी फुलबाजारात जायची. व्यापारी गाठोडं सोडायचा, फुलं ओतून घ्यायचा आणि चादर मागे भिरकावायचा. मागे सगळ्या मळ्यांच्या चादरींचा ढीग. सगळ्या सारख्याच, फुलांच्या डागांनी पिवळटलेल्या. आपली कुठली ते ओळखायचं तर तिच्यावर खूण हवी. आमची खूण म्हणजे एक उभी रेघ आणि तिच्या पोटातून फुटलेला गळासारखा आकडा. मधोमध मोठी, कोपऱ्यांवर लहान, कारण ढिगात चादरीचं कुठलं अंग वर येईल सांगता येत नाही.

खूण कशानं करायची? माझ्या थोरल्या भावानं, दादानं, एकदा हौसेनं दुकानातून जाडजूड मार्कर आणला. त्यावर लिहिलेलं होतं, कधीही न पुसणारा. आमच्या चादरी रोज भिजायच्या, फुलं गार राहावीत म्हणून. रोज धुतल्या जायच्या, पिळल्या जायच्या. घटस्थापनेला काढलेल्या खुणा सप्तमीपर्यंत जांभळं पाणी होऊन वाहून गेल्या. अण्णा, आमचे वडील, त्या मार्करकडे बघून नुसते हसले. त्यांची शाई घरची होती. कापड फाटलं तरी ती जायची नाही.

घरची शाई म्हणजे बिब्बा. पेठकडच्या बाया बुधवारच्या बाजारात पाटीत घेऊन बसतात, काळे, चपटे, गुळगुळीत बिब्बे. लोक ते लिंबू-मिरचीबरोबर दाराला टांगतात, घरात वाईट काही शिरू नये म्हणून. आमच्याकडे ते विस्तवावर चढायचे. सर्वपित्री अमावास्येला पितरांचं पान ठेवून झालं, कावळा शिवला, की दुपारी मळ्याच्या कडेला अण्णा विस्तव करायचे. त्या दिवशी फुलांना गिऱ्हाईक नाही म्हणून तोड नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून मान वर करायला फुरसत नाही, म्हणून तोच दिवस. आईला ते कधीच पटलं नाही. ज्या दिवशी गेलेली माणसं दारात येतात त्या दिवशी असली वस्तू बाहेर काढू नये, असं ती दरवर्षी म्हणायची, आणि शाईसाठी करवंटीही दरवर्षी तीच आणून द्यायची.

अण्णा आधी कोपरापर्यंत खोबरेल चोळायचे. मग दाभणाला बिब्बा टोचून विस्तवावर धरायचे. थोड्या वेळानं तो तडतडायचा आणि त्यातून काकवीसारखं तेल करवंटीत ठिबकायला लागायचं. शिंदीच्या काडीचं टोक ठेचून केलेला कुंचला त्यात बुडवायचा आणि खूण ओढायची. पण एवढ्यानं ती काळी होत नाही. नुसत्या तेलाची रेघ फिकट, आमच्या पिवळट चादरींवर तर धड दिसायचीही नाही. तिच्यावर चुन्याची निवळी फिरवली की डोळ्यांदेखत ती काळी पडते. मग ऊन. कडकडीत उन्हात चांगली सुकली की तिच्यातलं विष मरतं, असं अण्णा सांगायचे. तोवर ती चादर कुणी अंगाला लावायची नाही.

त्या दिवशी बिब्ब्याचं नाव घ्यायचं नाही, असाही अण्णांचा दंडक होता. नाव घेतलं की तो उततो. म्हणून त्याला म्हणायचं पाव्हणा. पाव्हणा विस्तवावर हाय, वाऱ्याच्या तोंडाला उभं राहू नका. पाव्हण्याला कुणी शिवलं नाय ना? आम्ही हसायचो, पण दबून. उतलेला बिब्बा आम्ही पाहिलेला होता. शेजारच्या मळ्यातल्या एका बाईचा चेहरा नुसत्या धुरानं असा सुजला होता की तिच्या पोरानं तिला ओळखलं नाही. कातडी काळवंडते, फोड येतात, आग आग होते. पण मला खरी भीती वाटायची ती दुसऱ्याच गोष्टीची. विस्तवाला हात लागला की तिथल्या तिथे कळतं. बिब्बा लागला तर लगेच काही नाही. तुम्ही जेवता, झोपता, सकाळी उठून कामाला लागता, आणि तो आत शांत बसलेला असतो. त्याच्या मनात येईल तेव्हा तो वर येतो.

हे सगळं मी झाकून ठेवलं होतं. विसरले म्हणणार नाही. जसं जुन्या पेटीवर आपण सतरंजी घालतो तसं. यंदा ती सतरंजी तेजूनं ओढली.

तेजू दादाची मुलगी, माझी भाची. कॉलेजात डिझाईन शिकते आणि फावल्या वेळात रिकामे मार्कर गोळा करून, त्यांत घरी केलेली शाई भरून विकते. झेंडूच्या पाकळ्यांची पिवळी, डाळिंबाच्या सालीची मातकट, हिरडा आणि गंजके खिळे भिजवून केलेली काळी. प्रदर्शनात टेबल मांडते, फोनवर फोटो टाकते, लोक मागवतात. पोरगी हुशार आहे, मला फार कौतुक आहे तिचं. सर्वपित्रीला मी पानाला म्हणून माहेरी गेले, तर ओट्यावर करवंटी, दाभण, चुन्याची डबी आणि तोंड उघडून ठेवलेले मार्कर.

तिनं मला फडक्यावर ओढलेली रेघ दाखवली. पाण्यात बुडवून दाखवली, साबणानं घासून दाखवली. गिऱ्हाईक म्हणे सारखं विचारतं, धुतल्यावर टिकणारी शाई नाही का? म्हणून तिनं शोधून शोधून ही कृती काढली होती. बिब्बे बुधवारच्या बाजारातूनच आणलेले, आदल्याच दिवशी घरी कुणी नसताना शाई करून मार्करमध्ये भरलेली. शंभर टक्के नॅचरल आहे आत्या, म्हणाली. मी म्हटलं, नागही नॅचरलच असतो गं बाई. ती हसली. माझं लक्ष दाराकडे होतं. दारात तिची आई, माझी वहिनी, चौकटीला टेकून उभी होती. करवंटीकडे बघत होती, आणि तिचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

झोळीचं ते वर्ष सुरुवातीपासूनच वाकड्यात शिरलं होतं. पाऊस जायचं नाव घेत नव्हता. झेंडूची झाडं पाण्यानं लोळायला आलेली, कळ्यांवर बुरशी चढते की काय म्हणून दादा सारखा सरीतून फिरायचा. तेजू तेव्हा तान्ही, नुकती कुशीवर वळायला लागलेली, घरातलं पहिलं नातवंड. सर्वपित्रीला पान ठेवलं तर कावळा शिवेना. आई हात जोडून उभी. समोरच्या शेवग्यावर कावळे बसलेले, पण खाली उतरायला एक तयार नाही. कसाबसा एकदाचा शिवला, तोही एक घास घेऊन उडून गेला. आईनं अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी विस्तव पेटवला.

निम्म्या चादरींवर चुना फिरवून झाला असेल नसेल, तोच सर आली. एकच पळापळ. हाताला लागेल ती चादर उचलून जो तो पडवीत टाकत होता. चुना लागलेल्या, चुना न लागलेल्या, कोऱ्या, सगळ्या एका ढिगात. दुसऱ्या दिवशी अण्णांनी बसून त्या निवडल्या. काळ्या खुणांच्या चादरी उन्हाची वाट बघत दोरीवर घातल्या. चुना लावायच्या राहिलेल्या डोळ्यांजवळ धरून, वास घेऊन शोधल्या आणि माळ्यावर टाकल्या. त्यातली एक राहिली. कोऱ्या चादरींत घडी होऊन गेली, आणि राहिली हे कुणाच्या गावीही नव्हतं, कारण तिच्यावर काही दिसतच नव्हतं.

आता आमच्या घरचा नियम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. खुणेची चादर बाजाराची, बिनखुणेची घरची. खुणेच्या चादरीत मूल घालायचं नाही, भाकरी बांधायच्या नाहीत, ती पांघरायची नाही, कारण तिला पाव्हण्याचा हात लागलेला. बिनखुणेची निर्धास्त वापरायची. वहिनी हा नियम माहेरून घेऊन आली नव्हती. सातपूरच्या कारखान्यातल्या माणसाची मुलगी ती, तिला मळ्यातलं काय ठाऊक? इथे येऊन शिकली, आणि आमच्यापेक्षा काटेकोर पाळायला लागली. अष्टमीच्या सकाळी तेजूला मळ्यात न्यायचं म्हणून झोळीसाठी तिनं ढिगातून चादरी काढल्या. एकेक उलगडून, उजेडाला धरून, दोन्ही अंगांनी बघितली आणि मुद्दाम बिनखुणेची निवडली. मी समोर उभी होते. तिच्या जागी मी असते तरी तीच उचलली असती.

शेवग्याच्या फांदीला दोर टाकून वहिनीनं झोळी बांधली, तेजूला दुपट्यावर निजवलं आणि आम्ही तोडीला लागलो. त्या दिवशी, इतक्या दिवसांनी, लख्ख ऊन पडलं होतं. ओल्या मातीतून वाफ निघत होती, नखं हिरवी झालेली, पाठी छान शेकत होत्या. फुलं मोडल्याचा तो बारीक टच् टच् आवाज सगळ्या मळ्यातून येत होता. दादा कुठलंतरी जुनं गाणं चुकीच्या शब्दांनी म्हणत होता आणि वहिनी त्याला चिडवत होती. मला ती सकाळ इतकी स्वच्छ आठवते की अंगावर काटा येतो. आम्ही सगळे खूश होतो हो.

आई पाणी घेऊन आली आणि झोळीपाशी थांबली. बराच वेळ थांबली. मग तिनं हाक मारली, पण नाव कुणाचंच घेतलं नाही. आम्ही सगळेच गेलो. झोळीच्या बाहेरच्या अंगाला, जिथे शेवग्याच्या पानांतून ऊन पडत होतं, तिथे कापडावर एक रेघ उमटत होती. आधी कोऱ्या चहाच्या रंगाची, मग गडद. उभी रेघ, तिच्या पोटातून फुटणारा आकडा. आमचीच खूण. घडीच्या अंधारात गप्प राहिलेली ती उन्हात हळूहळू वर येत होती, आणि आतल्या बाजूनं तिच्यावरच पाठ टेकून तेजू मुठी आवळून झोपली होती.

अण्णांनी मूल उचललं. दुपटं तिच्या पायाशी गोळा होऊन पडलेलं. ते पहिल्यापासून सरकलेलं होतं की आत्ता सरकलं, पाठ चादरीला लागली होती की नव्हती, कुणी सांगायचं? झबलं घामानं ओलंचिंब. आईनं तिला तिथेच उघडी करून खोबरेलानं माखली. दादा तिला घेऊन पंचवटीतल्या डॉक्टरांकडे पळाला. डॉक्टरांनी उलटसुलट करून पाहिलं. पाठ लोण्यासारखी. ते म्हणाले, आज काही दिसणार नाही, लागलं असेल तर दोन-तीन दिवसांत वर येईल, आणि एवढ्या कोवळ्या अंगावर आलं तर जिवावर बेतू शकतं, डोळ्यांत तेल घालून बघा. नाही आलं तरी पुढे आयुष्यभर हिला बिब्ब्यापासून लांब ठेवा. अंगाला त्याची एकदा ओळख झाली असेल तर दुसऱ्या खेपेला ते फार जोरात बिथरतं. दादानं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आईनं पुन्हा खोबरेलाची वाटी पुढे ओढली.

फुलं कुणासाठी थांबत नाहीत. नवमी, दसरा, अख्ख्या नाशकाला तोरणं हवीत, गाड्यांना हार हवेत, यंत्रांना हार हवेत. अण्णा पहाटे गाठोडी घेऊन जात होते आणि परत आले की आधी पाळण्याशी येत होते. मी तोडायची, ओवायची, हात धुऊन झबलं वर करायची आणि पाठ बघायची. जो तो येता-जाता तेच करत होता. डासाचा ठिपका दिसला तरी दिवा जवळ आणून बघायचो. घाम आला की वाटायचं, हा घामच ना? रडली की वाटायचं, आग होत असेल. हसली तरी भीती वाटायची. घरभर केशरी ढीग, आणि त्या ढिगांमधून आम्ही दबकत चालत होतो, एखाद्याला जाग येऊ नये अशा बेतानं.

वहिनी बोलत नव्हती. तेजूला घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायची, पदर तोंडाशी धरलेला. ताट जसंच्या तसं परत यायचं. मी दोनदा विचारलं, तिनं नुसती मान हलवली. आम्हाला वाटलं, मनाला लागलंय, लागणारच. आई मुळात फटकळ नव्हती, पण भीतीनं माणूस काय होईल सांगता येत नाही. नवमीला सगळ्यांसमोर ती वहिनीला म्हणाली, “आई म्हणवतेस आणि पोर कशात घातली ते बघून घेतलं नाहीस?”

मी मध्ये पडले. म्हटलं, तिनं उजेडाला धरून पाहिली होती, माझ्यासमोर पाहिली होती. आईनं माझं ऐकलं नाही. वहिनीनं उत्तर दिलं नाही. आईला तो ताठा वाटला.

दसऱ्याच्या संध्याकाळी तेजूची पाठ स्वच्छ होती. पोट स्वच्छ, मांड्या स्वच्छ. आईनं देवापुढे साखर ठेवली. अण्णांनी त्या दोन दिवसांत प्रथमच तेजूला मांडीवर घेऊन तिचे तळवे गालाला लावले. घरात थोडं हसू आलं, कुणीतरी चहा टाकला. मी आपट्याची पानं घेऊन वहिनीकडे गेले, तिच्या हातात सोनं दिलं आणि पाया पडले. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पदर सुटला.

ओठ ओठ राहिले नव्हते. काळे पडलेले, फुटलेले, गालापर्यंत सुजलेले. जीभ तोंडात मावत नव्हती. श्वास घेताना घशातून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता, आणि तो आवाज पदराआडून आम्ही ऐकला असेलच, पण तेजूचा श्वास मोजण्यात आमचे कान गुंतले होते. झोळी बांधताना तिचे दोन्ही हात दोरात अडकलेले, म्हणून चादरीचा कोपरा तिनं दातांत धरला होता. सगळ्याच बाया धरतात. मी धरते, आई धरायची. कोपऱ्यावर लहान खूण होती. आणि आम्ही सगळे मुलीच्या पाठीकडे बघत बसलो होतो.

दवाखान्यात नेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, घसा आतून बंद होत आलाय. ती वाचली. आवाज मात्र तेव्हापासून बसला तो बसलाच, आणि ओठाच्या कडेला शाई सांडल्यासारखा काळा डाग राहिला. डॉक्टरांनी बजावलं, आता हिला पुन्हा बिब्बा लागता कामा नये. पुढच्या वेळी इथपर्यंत पोचायला वेळ मिळायचा नाही. आई दवाखान्याच्या जिन्यात बसून रडली. मी खाटेपाशी होते. वहिनीला बोलता यायला लागलं तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो रागानंच विचारला. अगं, जीव जात होता, सांगायला काय झालं होतं तुला? ती कुजबुजली.

“मला उतलं तर तिला नाही उतणार, असं वाटलं. सांगितलं असतं तर तुम्ही औषध केलं असतं.”

त्या वाक्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. मी चिडले, रडले, तिला वेडी म्हटलं, तिचे पाय धरले. पण आत कुठेतरी मला तिची भीती वाटली. खरं सांगते. डॉक्टर वेगळं बोलत होते, आम्ही देवाशी वेगळं बोलत होतो, आणि ही बाई पदराआड एकटीच त्या विषाशी सौदा करून बसली होती. वर तिचं म्हणणं, तो सौदा पटला होता. तेजूच्या अंगावर काही आलंच नव्हतं ना.

अण्णांनी त्यानंतर बिब्बा घरात आणला नाही. चादरी गेल्या, प्लास्टिकचे क्रेट आले, त्यांवर दादा दुकानातल्या रंगानं नाव टाकायला लागला. अण्णा गेले, आई गेली. तेजूला कुणी काही सांगायचं नाही, अशी वहिनीनं सगळ्यांना शपथ घातली होती. मुलीला वाटायला नको, आपल्यापायी आईचं असं झालं. आवाजाचं विचारलं की सांगायचं, ताप आला होता. डागाचं विचारलं की जन्मखूण. तेजू त्या डागावर बोट ठेवून झोपायची लहानपणी.

पण यंदा सर्वपित्रीला ओट्यावरची ती करवंटी पाहिली आणि मी शपथ मोडली. तिथेच, मार्करांच्या मांडणीत बसून सगळं सांगितलं. तेजू ऐकत गेली, तिचं हसू कधी मावळलं ते कळलंही नाही. तिनं आईकडे पाहिलं, त्या डागाकडे पाहिलं. मग सावकाश उजव्या हाताचा अंगठा वर केला. शाई भरताना हातमोजा तिथे फाटला होता म्हणे. थोडं तेल लागलं, तिनं लगेच पुसून टाकलं, त्यात काय एवढं असं वाटलं तिला.

“आत्या, मग मला तेव्हा पाठीला लागलं होतं का नव्हतं?”

कुणाला माहीत आहे? लागलं नसेल तर अंगठ्यावर थोडंफार उठेल, बरं होईल. लागलं असेल, तर एवढी वर्षं ते तिच्या अंगात वाट बघत बसलंय. दादानं तिला गाडीवर घालून डॉक्टरांकडे नेलं. आताच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण त्यांनीही तेच सांगितलं. औषध लिहून दिलं, लक्ष ठेवा म्हणाल्या, सूज किंवा श्वासाला त्रास वाटला तर क्षणभरही थांबू नका. करवंटी, काड्या, भरलेले मार्कर, सगळं मळ्याच्या टोकाला खड्डा करून पुरायचं ठरलं. मी करते म्हणाली वहिनी. मी अडवायच्या आत पिशवी उचलून गेलीसुद्धा.

तेव्हापासून मी इथेच आहे. घरी फोन करून सांगितलं, नवरात्रात येत नाही. घट बसले, माळा चढताहेत, पुन्हा घरभर केशरी ढीग आहेत आणि पुन्हा आम्ही दबकत चालतोय. सकाळी उठलं की आधी तेजूचा हात. ती बिचारी धीर धरून आहे. चहाचा कप डाव्या हातात घेते आणि उजवा आमच्यापुढे धरते, एखादं गिऱ्हाईक नोट उजेडाला धरतं तसा आम्ही तो बघतो. दादाला झोप नाही. मी सारखी देवाशी भांडतेय. शांत आहे ती एकटी वहिनी. भाकरी थापते, फुलं निवडते, वेळेवर जेवते. मला तिच्या त्या शांतपणाचं बरं वाटलं होतं. म्हटलं, वयानं शहाणपण आलं असेल.

आज सकाळी आम्ही दोघी ओट्यावर बसून माळ ओवत होतो. तेजू अंगणात दोरीवर कपडे वाळत घालत होती. वहिनीनं दोरा तोडायला हात उचलला आणि नवरात्राच्या नव्या हिरव्या बांगड्या कोपराकडे घसरल्या. मनगटावर, बांगड्यांनी झाकलेल्या जागी, एक फिकट तपकिरी रेघ होती. सांडून लागलेली नव्हती. काडीनं ओढलेली होती, सरळ, आणि भोवतीची कातडी लाल व्हायला लागली होती.

मी तिचा हात ओढला, खोबरेलाची बाटली उपडी केली आणि चोळायला लागले. दादाला हाक मारली. वहिनीनं हात सोडवून घेतला नाही. ती मान वळवून अंगणात तेजूच्या अंगठ्याकडे बघत होती.

“पुसू नको ताई,” ती बसक्या आवाजात म्हणाली. “तिचं निभावू दे, मग माझं बघू.”